गुंग महालातील मौन : एकाकी बालक, भाषा आणि मेंदू

भाषेची उत्पत्ती कशी झाली या प्रश्नाची चर्चा आपल्या सभांतून होऊ नये, असा नियम पॅरिस येथील भाषाशास्त्र-मंडळाने १८६६ साली केला, ही गोष्ट आपल्या विषयाच्या अभ्यासकांस सुपरिचित आहे. पुराव्यावाचून चाललेल्या तर्कवितर्कांना मंडळाचे सभासद कंटाळले होते. आणि त्यांचा कंटाळा अनाठायी होता असे म्हणता येत नाही. परंतु या प्रश्नाला पुराव्याचीच जोड द्यावी या हेतूने त्यापूर्वी कित्येक शतके एक विशिष्ट प्रयोग वारंवार कल्पिला गेला, अनेकदा ऐकीव म्हणून सांगितला गेला, आणि निदान एकदा तरी प्रत्यक्षात केला गेला. नवजात बालकास मनुष्यवाणीपासून दूर ठेवावे आणि ते आपण होऊन कोणती भाषा बोलते ते पाहावे, असे त्या प्रयोगाचे स्वरूप होते.

प्रस्तुत लेखाचा विषय हा प्रयोग आहे. मात्र त्यातून भाषेच्या उत्पत्तीसंबंधी काय निष्पन्न झाले हे पाहणे हा लेखाचा हेतू नव्हे, कारण त्या बाबतीत त्यातून काहीच निष्पन्न झाले नाही. आमचे लक्ष आहे ते प्रयोगाच्या साधनाकडे. हे साधन म्हणजे बालकाचे एकटेपण. पाटी कोरी ठेवावी म्हणून बालकास एकटे ठेवायचे; जणू एकटेपण म्हणजे केवळ इतर गोष्टींचा अभाव, एक निरुपद्रवी शून्य. हे शून्य शून्य नसून ती मेंदूवर घडणारी एक क्रिया आहे, ही जाणीव फार उशिरा झाली. आणि तीही प्रथम भाषाशास्त्रज्ञांना झाली नाही.

येथे शब्दांविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. मराठीत ‘एकांत’ हा शब्द बहुधा स्पृहणीय अर्थाने येतो; तो मागितला जातो, साधला जातो. ‘एकलकोंडा’ हा स्वभावाचा शब्द आहे. ‘एकटा’ हा केवळ संख्या सांगतो, तर ‘एकाकी’ या शब्दात संख्येबरोबर एक उणीवही सुचविली जाते. शास्त्रीय लेखनात आज समाजसंपर्काचा वस्तुनिष्ठ अभाव आणि त्या अभावाची होणारी जाणीव यांत जो भेद करतात, तो आपल्या भाषेस अपरिचित नाही. बोलू न शकणाऱ्या बालकाच्या बाबतीत हा भेद करणे कठीण, कारण जाणीव सांगायला त्याच्याजवळ शब्दच नसतात. म्हणून पुढील विवेचनात एकटेपण हा शब्द पहिल्या, म्हणजे वस्तुनिष्ठ अर्थानेच घ्यावा.

प्रयोगाची सर्वांत जुनी हकीकत हिरोडोटसच्या इतिहासाच्या दुसऱ्या खंडात आहे. मिसरचा राजा सामेतिकस (इ. स. पूर्व ६६४ ते ६१०) याने दोन नवजात बालके एका मेंढपाळाच्या स्वाधीन केली. त्यांच्यापुढे कोणी एक शब्दही उच्चारू नये, वेळच्या वेळी शेळ्या नेऊन त्यांना दूध पाजावे, अशी आज्ञा होती. दोन वर्षांनी मुलांनी हात पसरून ‘बेकोस’ असा शब्द उच्चारला. शोध करता फ्रिजियन भाषेत त्याचा अर्थ भाकर असा निघाला. आणि फ्रिजियन लोक आपल्याहून प्राचीन हे मिसरवासीयांनी मान्य केले. हा शब्द शेळ्यांच्या बेंबटण्याचे अनुकरण असावा, हा तर्क पुढे अनेकांनी केला आहे व तो पटण्याजोगा आहे. परंतु त्या तर्कात जी गोष्ट गृहीत धरली जाते तिचा उल्लेख सहसा होत नाही. त्या मुलांना शेळ्यांची तरी सोबत होती, आणि त्यांनी जे काही उचलले ते ज्यांची सोबत होती त्यांच्याकडूनच उचलले.

सम्राट दुसरा फ्रेडरिक (मृत्यू १२५०) याच्याविषयीची कथा पार्माचा फ्रान्सिस्कन बखरकार सालिम्बेने याने लिहून ठेवली आहे. दायांनी मुलांना दूध पाजावे, न्हाऊ घालावे, पण त्यांच्याशी खेळू अथवा बोलू नये, असा दंडक होता. हिब्रू, ग्रीक, लॅटिन, अरबी, की आईबापांची भाषा, यांपैकी मुले काय बोलतात हे सम्राटास पाहावयाचे होते. मुले काहीच बोलली नाहीत, ती मेली. टाळ्या, हावभाव, हसरे चेहरे आणि लाडाचे बोल यांवाचून ती जगू शकली नाहीत, असे कारण सालिम्बेने देतो. सालिम्बेने हा सम्राटाच्या विरोधी पक्षाचा होता आणि ही कथा तो त्याच्या दुर्वर्तनांच्या यादीत घालतो, तेव्हा घटना म्हणून ती स्वीकारणे धोक्याचे आहे. तथापि कारणमीमांसा म्हणून ती असामान्य आहे. मुले उपासाने मेली नाहीत, थंडीने मेली नाहीत, हे तेराव्या शतकातील एक संन्यासी स्पष्ट सांगतो. या निरीक्षणाला, ते सालिम्बेनेचे असो वा कोण्या दाईचे असो, पुढे जवळजवळ सातशे वर्षे शास्त्रीय वाङ्मयात जागा मिळाली नाही.

स्कॉटलंडच्या चौथ्या जेम्सने १४९३ मध्ये इंचकीथ बेटावर एका मुक्या स्त्रीजवळ दोन मुले ठेवली व ती हिब्रू बोलू लागली, ही वार्ता पिट्स्कॉटीच्या बखरीतील आहे. बखर सुमारे ऐंशी वर्षांनंतरची आहे. तिच्याकडे अधिक लक्ष देण्याचे कारण नाही.

अकबराचा प्रयोग मात्र वेगळ्या कोटीचा आहे. त्याला परस्परांशी न पटणाऱ्या दोन समकालीन लेखकांची साक्ष आहे. त्यांपैकी एक बादशहाचा स्तुतिपाठक, तर दुसरा मनातून त्याचा कडवा टीकाकार. अशा दोघांचे ज्या गोष्टीत एकमत होते ती गोष्ट बहुतांशी घडली असे इतिहासकारास मानावे लागते.

‘अकबरनामा’त अबुल फजल सांगतो ते असे. राज्यारोहणानंतरच्या चोविसाव्या इलाही वर्षी बादशहाने असे मत मांडले की, वाणी ही प्रत्येक समाजात श्रवणाने येते. एकाकडून दुसऱ्याने ती ऐकलेली असते. ज्यांच्या कानी मनुष्याचे बोलणे पडणार नाही ते बोलू शकणार नाहीत. काही दरबारी लोकांना हे पटले नाही. त्यांची खात्री पटविण्यासाठी, जेथे वस्तीचा आवाज पोहोचत नाही अशा जागी एक सराई बांधण्यात आली. तीत नवजात बालके ठेवली, विश्वासू पहारेकरी नेमले, आणि काही काळ जिभेला लगाम घातलेल्या दायांना आत प्रवेश दिला. लोक त्या वास्तूला गुंग महाल म्हणू लागले. (फार्सीत ‘गुंग’ म्हणजे मुका. मराठीत तो ‘तल्लीन’ या अर्थाने स्थिरावला. भान हरपलेला मनुष्य बोलत नाही, एवढाच जुन्या अर्थाचा दुवा राहिला आहे.) १५८२ च्या ऑगस्ट महिन्यात शिकारीस निघालेला बादशहा मोजक्या सेवकांसह तेथे गेला. आतून हाक आली नाही, शब्द ऐकू आला नाही. चार वर्षांची होऊनही मुलांना वाणीचा लाभ झाला नव्हता व मुक्यांच्या आवाजाखेरीज काही निघत नव्हते.

बदायुनीच्या ‘मुन्तखब-उत्-तवारीख’मध्ये हीच हकीकत निराळ्या स्वरात आहे. सुमारे वीस तान्ही मुले, त्यांच्या आयांना पैसे देऊन आणलेली. तीन-चार वर्षांनंतर सर्व मुकी निघाली. आणि काही मधल्या काळात धरणीमातेची तान्ही झाली. हा शेवटचा तपशील अबुल फजलच्या वृत्तांतात नाही. कालगणनेतही बदायुनी अधिक काटेकोर दिसतो. चोविसावे इलाही वर्ष १५७९ च्या मार्चमध्ये सुरू झाले. तेथपासून १५८२ च्या ऑगस्टपर्यंत साडेतीन वर्षेही पुरती भरत नाहीत. अबुल फजलची चार वर्षे ही दरबारी गोळाबेरीज आहे.

अकबराचे अनुमान बरोबर होते, हे येथे मुद्दाम नमूद केले पाहिजे. सामेतिकस आणि जेम्स यांच्या कथांत मूळ भाषेचा शोध आहे. अकबराने मूळ भाषा नाहीच असे म्हटले, व भाषा ही परंपरेने येणारी वस्तू आहे हा सिद्धांत मांडला. आजचा कोणताही भाषाशास्त्रज्ञ त्यात थोडी दुरुस्ती सुचवून त्यावर सही करील. सिद्धांत बरोबर आणि प्रयोग मात्र निष्फळ, असे का व्हावे? कारण त्या सराईत मुलांपासून केवळ बोलणे काढून घेतले, असे बादशहा समजत होता. वास्तविक आईची कूस, ओळखीचा चेहरा, रडल्यावर धावून येणारे माणूस, हाकेला प्रतिसाद देणारा दुसरा जीव हे सर्व त्याबरोबर गेले होते. मुले मुकी झाली ती शब्द कानी न पडल्यामुळे, की माणूस जवळ न आल्यामुळे, हे त्या प्रयोगावरून सांगता येत नाही. आणि जी मेली ती तर शब्दांच्या अभावी मेली नसणार.

हीच संदिग्धता घेऊन हा प्रश्न अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये पोहोचला. १८०० च्या जानेवारीत आव्हेरों प्रांतातील सँ-सेर्नँ गावी सुमारे बारा वर्षांचा एक रानटी मुलगा सापडला व त्या वर्षीच त्याला पॅरिसच्या कर्णबधिर संस्थेत आणण्यात आले. पिनेलसारख्या थोर वैद्याने त्याला जन्मतः मतिमंद ठरविले. त्याच संस्थेतील इतार नावाच्या सव्वीस वर्षांच्या डॉक्टराने उलट मत दिले. मुलगा मंद आहे म्हणून त्याला टाकले गेले असे नसून तो टाकला गेला म्हणून मंद झाला, अशी त्याची भूमिका होती. एकटेपण हे परिणाम नसून कारण असू शकते, ही गोष्ट वैद्यकीय लेखनात इतक्या स्पष्टपणे मांडली गेल्याचे याहून जुने उदाहरण प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात नाही.

इतारने मुलाचे नाव व्हिक्टर ठेवले, कारण ‘ओ’ या स्वराकडे तो लक्ष देई. पाच वर्षे परिश्रम करून मुलाला लिखित शब्द ओळखता येऊ लागले, पण बोलणे आले नाही. दुधासाठीचा ‘ले’ हा फ्रेंच शब्द तो उच्चारी. परंतु इतारने बारकाईने नोंदविले आहे की, दूध मिळण्यापूर्वी मागणी म्हणून नव्हे, तर ते दिसल्यावर आनंदाचा उद्गार म्हणून. इतारला हे अपयश वाटले. आम्हांस वाटते की येथे त्याची दृष्टी कोंदियाकच्या तत्त्वज्ञानाने बांधलेली होती. संवेदनांची पायरी-पायरीने उभारणी केली की मन उभे राहते, असे तो तत्त्वज्ञ सांगत असे. म्हणून इतारने गरम पाणी, थंड पाणी, अक्षरांचे तुकडे यांवर वर्षे खर्ची घातली. मुलगा ज्या व्यक्तीला बिलगत असे ती मादाम गेरँ. ती त्याला जेवू घाली, फिरावयास नेई. तिचा पती वारल्यानंतर सवयीने त्याचे ताट मांडणारा व तिचे अश्रू पाहून ते उचलून ठेवणारा व्हिक्टर इतारच्या १८०६ च्या दुसऱ्या वृत्तांतात येतो. मात्र भाषेच्या प्रगतीचा भाग म्हणून येत नाही.

आणखी एक गोष्ट खटकते. ती हार्लन लेन याने १९७६ मधील आपल्या ग्रंथात दाखवून दिली. व्हिक्टर ज्या इमारतीत राहत होता तेथे कर्णबधिर मुले हातांच्या खुणांनी दिवसभर बोलत होती. वाणी साधत नाही हे दिसू लागल्यावरही इतारने त्याला खुणांची भाषा शिकविली नाही. भाषा म्हणजे तोंडाने बोलणे, या समजुतीच्या भिंतीने त्या मुलाला ज्या एका समाजात प्रवेश मिळण्याचा संभव होता तोही बंद झाला. व्हिक्टर १८२८ मध्ये, मादाम गेरँच्याच आश्रयास असताना, वारला.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात न्यूरेंबर्ग येथे कास्पार हाउझर प्रकट झाला. अंधाऱ्या कोठडीत एकटाच वाढलो ही त्याची कहाणी कितपत खरी, याविषयी आज दाट संशय आहे, म्हणून भाषाविषयक पुरावा म्हणून तिचे मोल नाही. (मिदनापूरच्या लांडगा-कन्यांविषयी याच कारणास्तव आम्ही येथे काही लिहीत नाही.) परंतु फॉयरबाख या न्यायशास्त्रज्ञाने त्या निमित्ताने १८३२ मध्ये जे पुस्तक लिहिले त्यात एक नवी विधिसंज्ञा येते : मनुष्याच्या आत्मिक जीवनाविरुद्ध केलेला अपराध. मारहाण नाही, उपासमार नाही. केवळ माणसांपासून तोडणे हाच गुन्हा. प्रचलित कायद्यात ज्याला नाव नव्हते त्याला एका कायदेपंडिताने नाव दिले. एकटेपण येथे प्रथमच साधन म्हणून नव्हे, इजा म्हणून दिसते.

ही इजा शरीरात कोठे होते, या प्रश्नाकडे वळण्यास विसावे शतक उजाडावे लागले. १९४५ मध्ये रेने स्पिट्झ याने दोन बालगृहांची तुलना प्रसिद्ध केली. एका अनाथगृहात स्वच्छता, आहार, वैद्यकीय देखरेख सर्व उत्तम होते. पण एका दाईकडे पुष्कळ मुले असत आणि खाटांच्या कडांवर चादरी टांगलेल्या असल्यामुळे मुलास छताखेरीज फारसे काही दिसत नसे. दुसरे बालगृह स्त्रियांच्या तुरुंगातील होते. तेथे कैदी आया आपापल्या मुलांना स्वतः वाढवीत. अनाथगृहातील ९१ मुलांपैकी ३४ दोन वर्षांच्या आत दगावली. तुरुंगात एकही मूल दगावले नाही. पुढील वर्षीच्या पुरवणी लेखात, अनाथगृहात राहिलेल्या दोन ते चार वर्षांच्या २१ मुलांपैकी वाक्ये बोलणारे मूल एकच होते असे त्याने नोंदविले. स्पिट्झच्या पद्धतीवर १९५५ मध्ये पिनो याने कठोर टीका केली व तिच्यातील बराच भाग रास्त आहे. पण सालिम्बेनेच्या मुलांची आठवण झाल्यावाचून हे आकडे वाचता येत नाहीत. सम्राटाच्या दायांना बोलण्याची मनाई होती. अनाथगृहातील दायांना कोणीच मनाई केलेली नव्हती, त्यांना केवळ वेळ नव्हता.

आता आपल्या शास्त्राकडे येऊ. १९६७ मध्ये एरिक लेनेबर्ग याने भाषेच्या जैविक आधारांवरील ग्रंथात असे प्रतिपादन केले की, भाषा आत्मसात करण्यास मेंदूच्या वाढीचा एक विशिष्ट काळ असतो व यौवनारंभी तो संपतो. १९६३ मध्ये ह्यूबेल आणि वीझेल यांनी मांजरीच्या पिलाचा एक डोळा आरंभीच्या आठवड्यांत झाकून ठेवला तर त्या डोळ्याशी निगडित मेंदूपेशींचे कार्य कायमचे बिघडते हे दाखविले होते. त्यामुळे अशा निर्णायक काळाची कल्पना शास्त्रज्ञांस सहज पटली. लेनेबर्गने आपला पुरावा मुख्यतः मेंदूच्या दुखापतींतून सावरणाऱ्या मुलांवरून व प्रौढांवरून घेतला. रानात वा कोठडीत सापडलेल्या मुलांविषयी तो सावध होता. अशी परिस्थिती मुलाच्या वाढीस हितकर नसते, यापलीकडे त्या वृत्तांतांवरून काही ठरत नाही, असे त्याचे मत होते.

हा सावधपणा फार काळ टिकला नाही. १९७० च्या नोव्हेंबरात लॉस एंजेलिस येथे तेरा वर्षांची एक मुलगी सापडली. शास्त्रीय वाङ्मयात ती ‘जीनी’ या टोपणनावाने ओळखली जाते. बहुतेक आयुष्य तिने एका खोलीत बांधलेल्या अवस्थेत, जवळजवळ निःशब्द घालविले होते. निर्णायक काळाची कसोटी आपोआप हाती आली, अशा भावनेने संशोधक जमले. सुसान कर्टिस हिच्या १९७७ मधील ग्रंथाचा निष्कर्ष असा की, जीनीने शब्द पुष्कळ शिकले, पण व्याकरण तिला साधले नाही. दोन्ही कानांत एकाच वेळी निरनिराळे शब्द ऐकविण्याच्या कसोटीत तिची भाषा मेंदूच्या उजव्या गोलार्धात चालते असे आढळले. संशोधनाचा निधी १९७४ मध्ये थांबला. मुलगी त्यानंतर एका घरातून दुसऱ्या घरी जात राहिली.

आपल्या वर्गांतून आणि पाठ्यपुस्तकांतून जीनीचे उदाहरण निर्णायक काळाचा पुरावा म्हणून दिले जाते. आमच्या मते ते तसे देऊ नये. जीनीला भाषा मिळाली नव्हती हे खरे. पण तिला माणूसही मिळाले नव्हते. अकबराच्या सराईतील गुंता येथे जसाच्या तसा आहे. दोन्ही गोष्टी एकत्रच हिरावल्या गेल्या असता परिणाम एकीच्या माथी मारणे हा तर्कदोष आहे.

हा गुंता काही अंशी सोडविणारी दोन उदाहरणे जीनीच्या कितीतरी आधी उपलब्ध होती, ही अधिक विचार करण्याजोगी गोष्ट आहे. किंग्स्ली डेव्हिस या समाजशास्त्रज्ञाने १९४७ मध्ये त्यांची तुलना केली. दोन्ही मुली अमेरिकेत १९३८ मध्येच सापडल्या, दोघीही सुमारे सहा वर्षांच्या, दोघीही अनौरस म्हणून लपविलेल्या. ‘ॲना’ एका वरच्या खोलीत एकटीच पडलेली असे. तिला दूध पाजण्यापलीकडे तिच्याकडे कोणी फिरकत नसे. ‘इझाबेल’ला अंधाऱ्या खोलीत कोंडले होते, पण तिच्या मूकबधिर आईसह. आईला बोलता येत नव्हते. मायलेकी खुणांनी व्यवहार करीत. इझाबेल सापडली तेव्हा तिच्या कंठातून घोगऱ्या आवाजापलीकडे काही निघत नव्हते. तथापि सुमारे दोन महिन्यांत ती वाक्ये जुळवू लागली, सोळा महिन्यांत तिचा शब्दसंग्रह दीड-दोन हजारांवर गेला, आणि चौदाव्या वर्षी तिने शाळेची सहावी इयत्ता पार केली होती. ॲना थोडीफार वाक्यखंडे बोलण्यापर्यंत आली आणि १९४२ मध्ये, दहा वर्षांची असताना, वारली.

डेव्हिसने इझाबेलला मिळालेल्या तज्ज्ञ शिक्षणावर भर दिला व ॲना मुळातच मंद असण्याची शक्यताही मोकळी ठेवली. दोन मुलींच्या तुलनेत याहून अधिक निश्चित बोलता येत नाही, हे मान्य. परंतु सुमारे सहा वर्षे दोघींच्याही कानी भाषा पडली नव्हती; फरक होता तो एवढाच की एकीच्या जवळ कोणी होते. शब्दावाचूनच्या सोबतीने इझाबेलचा मेंदू भाषेसाठी तयार ठेवला, असा अर्थ या उदाहरणातून निघतो. भाषाशास्त्राच्या ग्रंथांत इझाबेलचा उल्लेख ‘वेळेत सापडलेली मुलगी’ असा होतो. तिची आई त्या उल्लेखातून गळते. जाता जाता : ‘सोबत’ हा आपला शब्द अरबी-फार्सी ‘सोहबत’पासून आला. अबुल फजलच्या लेखणीला तो शब्द परका नव्हता. गुंग महालाच्या बांधणीत मात्र त्याची दखल घेतली गेली नाही.

सोबतीचा मेंदूवरील परिणाम प्रत्यक्ष मोजला गेला तो रुमानियात. चाउशेस्कूच्या राजवटीने १९६६ मध्ये गर्भपातावर बंदी घातली. पोसता न येणारी मुले सरकारी अनाथगृहांत भरत गेली. १९८९ मध्ये राजवट कोसळल्यावर ही गृहे जगाने पाहिली. बुखारेस्ट येथे २००० साली चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना यांनी ६ ते ३१ महिन्यांच्या १३६ मुलांना घेऊन अभ्यास सुरू केला. चिठ्ठ्या टाकून निम्मी मुले पालक-कुटुंबांत पाठविली. उरलेल्यांची व्यवस्था प्रचलित पद्धतीने, म्हणजे प्रथमतः गृहातच, चालू राहिली. अशा रीतीने निम्म्या मुलांना मागे ठेवणे न्याय्य होते काय, हा वाद तेव्हाही झाला. देशात पालक-कुटुंबांची सोय जवळजवळ नव्हती आणि संशोधकांनी ती स्वतः निर्माण केली, हे त्यांचे उत्तर आहे. ते उत्तर पुरेसे आहे असे मानले तरी, सामेतिकसपासून चालत आलेल्या मालिकेतील हा पहिला प्रयोग ज्यात प्रयोगकर्त्याने मुलांना सोबत दिली व तिचा परिणाम पाहिला, हे विसरता येत नाही.

निष्कर्ष पुढीलप्रमाणे. पंधरा महिन्यांच्या आत कुटुंबात गेलेली मुले भाषेच्या चाचण्यांत सामान्य मुलांच्या बरोबरीने उतरली. चोवीस महिन्यांनंतर गेलेली मुले गृहातच राहिलेल्यांइतकीच मागे पडली. आठ ते अकरा वर्षांच्या वयात घेतलेल्या चुंबकीय प्रतिमांत संस्थेत वाढलेल्या मुलांच्या मेंदूतील करडे द्रव्य कमी आढळले आणि कुटुंबात गेलेल्यांतही ते भरून आलेले नव्हते. मेंदूच्या भागांना परस्परांशी जोडणारे श्वेत द्रव्य मात्र कुटुंबात गेलेल्या मुलांत सामान्य मुलांच्या जवळ आले होते. इंग्लंडात दत्तक गेलेल्या रुमानियन मुलांचा दुसरा एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हा ही मुले तेवीस ते अठ्ठावीस वर्षांची झाली होती. त्यांच्या मेंदूचे आकारमान, इंग्लंडातच जन्मून दत्तक गेलेल्यांच्या तुलनेत, सुमारे साडेआठ टक्क्यांनी कमी भरले. आणि अनाथगृहातील प्रत्येक जास्तीच्या महिन्यामागे सुमारे तीन घन सेंटिमीटरांची घट दिसली. चांगल्या घरातील वीस वर्षांनीही ती पुसली गेली नव्हती.

श्वेत द्रव्याविषयी एक गोष्ट प्राण्यांवरील प्रयोगांतून उलगडते. मज्जातंतूंवर मायलिन नावाच्या स्निग्ध पदार्थाचे वेष्टन असते व त्यामुळे संदेश वेगाने जातो. आईपासून नुकत्याच सुटलेल्या उंदरांच्या पिलांना दोन आठवडे एकटे ठेवले तर मेंदूच्या अग्रभागात हे वेष्टन पातळ राहते, आणि नंतर इतर उंदरांत सोडले तरी भरून येत नाही, असे माकिनोदान व त्याच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखविले. तेवढाच एकांतवास मोठ्या उंदरांस दिला तर तसे होत नाही. म्हणजे निर्णायक काळ आहे. परंतु हा निर्णायक काळ भाषेचा नव्हे, सोबतीचा आहे. उंदरांना भाषा नसते, त्यामुळे तेथे दोन्हींची सरमिसळ होण्याचा प्रश्नच नाही. मोठ्या माणसांच्या बाबतीतही एकटेपण मेंदूला निर्विकार ठेवीत नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चाळीस निरोगी व्यक्तींना दहा तास एकटे ठेवल्यावर माणसांची चित्रे पाहताना त्यांच्या मध्यमेंदूचा जो भाग उद्दीपित झाला, तोच भाग दहा तासांच्या उपासानंतर अन्नाची चित्रे पाहताना उद्दीपित झाला होता. सोबत ही भूक आहे, असे आपण लाक्षणिक अर्थाने म्हणतो. लक्षणा येथे फारशी उरत नाही.

मग एकट्या मुलापासून भाषेच्या उत्पत्तीविषयी काही कळत नसेल, तर कोणापासून कळेल? याचे उत्तर निकाराग्वातून आले, व तेही कोणी मागितलेले नसता. १९७७ मध्ये मानाग्वा येथे विशेष शिक्षणाची एक शाळा निघाली आणि आपापल्या घरी एकेकट्या राहिलेल्या कर्णबधिर मुलांना प्रथमच सवंगडी मिळाले. शिक्षक त्यांना ओठांवरून स्पॅनिश वाचावयास शिकवीत. त्यात यश येत नव्हते. मुलांनी मात्र खेळाच्या मैदानावर आणि शाळेच्या बसमध्ये घरगुती खुणा एकमेकांस देऊन एक नवी भाषा उभी केली. ज्युडी केगल १९८६ मध्ये तेथे पोहोचली तेव्हा लहान मुले मोठ्यांपेक्षा अधिक नियमबद्ध खुणा करीत होती. ॲन सेंगास हिच्या नंतरच्या अभ्यासांनी ही वाढ पिढीगणिक होत गेल्याचे दाखविले. ही मुले एकाकी नव्हती, हे लक्षात घेतले पाहिजे. त्यांना घरे होती, माया होती. नव्हती ती भाषा. म्हणून ती एकत्र येताच भाषा जन्मली.

या निष्कर्षाचा संबंध दूरच्या देशाशीच आहे असे नाही. कर्णबधिर मुलांपैकी बहुसंख्य मुले ऐकणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात, आपल्याकडेही. ‘हातवारे केले तर मूल बोलणार नाही’ ही समजूत १८८० च्या मिलान परिषदेने शिक्षणक्षेत्रात प्रतिष्ठित केली; खुणांच्या भाषेला आपल्या कायद्यात स्थान मिळाल्यावरही ती घरोघर आढळते. त्या समजुतीमुळे माणसांनी भरलेल्या घरातील मूलही जेवणाच्या पंगतीत, गप्पांत, भांडणात एका बाजूस राहते. इतारने व्हिक्टरच्या बाबतीत जे केले तेच पुन्हा, त्याच सद्भावनेने, होते.

गुंग महालाविषयी एक शेष प्रश्न राहतो. तेथे सुमारे वीस मुले एकत्र होती. मग मानाग्वात घडले ते तेथे का घडले नाही? तान्हेपणीच मायेचा धागा तुटला होता हे एक उत्तर झाले, व आतापर्यंतच्या विवेचनाशी ते जुळते. पण घडले नाही हे तरी आपणांस कशावरून ठाऊक? फ्रेंच जेझुइट कात्रू याने अठराव्या शतकाच्या आरंभी प्रसिद्ध केलेल्या मोगलांच्या इतिहासात ही कथा पुन्हा येते. तेथे मुले बारा आहेत, दाया मुक्या आहेत, आणि मुले बोलत नसली तरी दायांचे पाहून हातांच्या खुणांनी आपले मनोगत व्यक्त करीत होती असे म्हटले आहे. कथा शंभरावर वर्षांनंतरची, ऐकीव व सजविलेली आहे. तिच्यावर भार टाकता येत नाही. परंतु १५८२ मधील त्या भेटीचा अबुल फजलने दिलेला वृत्तांत पुन्हा वाचून पाहावा. आतून हाक आली नाही, शब्द ऐकू आला नाही, आवाज मुक्यांचा होता. जे नोंदले आहे ते सर्व कानांनी टिपलेले आहे. मुलांचे हात काय करीत होते याविषयी त्यात एक अक्षरही नाही.